पंप उचलण्यापूर्वी : मक्यातील मित्रकीटक ओळखा आणि सांभाळा

(मका उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात शेताच्या बांधावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण ज्या शेताच्या बांधावर बसलो आहोत, त्यातील मका पंचवीस दिवसांचा झाला आहे. येताना आपल्यापैकी तिघा-चौघांनी मला पोंगे उघडून दाखविले, पानांवरचे पांढरे पापुद्रे दाखविले, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दाखविली आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "मॅडम, यावर कोणते औषध मारायचे?" या प्रश्नाचे उत्तर मी जरूर देणार आहे, परंतु शेवटी. त्याआधी मला आपल्याला एक प्रश्न विचारायचा आहे. त्या पोंग्यात अळीखेरीज आणखी कोण होते?

आपण एकमेकांकडे पाहता आहात. यात आपला दोष नाही. आम्ही शिकविणारी माणसे वर्षानुवर्षे आपल्याला किडींची चित्रे दाखवीत आलो. किडींना खाणाऱ्या कीटकांची चित्रे दाखविली तरी ती शेवटी, घाईघाईने. त्यामुळे शेतात सहा पायांचे काहीही हालताना दिसले की हात पंपाकडे जातो. मी स्वतः कृषिविद्या शिकविते. पेरणीचे अंतर, खताच्या मात्रा, आंतरपिके हा माझा विषय. कीटकशास्त्र माझा विषय नव्हे. तरीही आज मी कीटकांवर बोलणार आहे, कारण या बाबतीत मी एक चूक केली आणि तिचे पैसे आमच्या घरातून गेले.

आमच्या शेतातील गोष्ट

अमेरिकन लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातली. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली आणि २०१८ साली आपल्या देशात, प्रथम कर्नाटकात व त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. २०१९ च्या खरिपात आमच्या गावी वडिलांच्या दीड एकर मक्यावर ती पडली. मी नोकरीच्या गावी. वडिलांनी फोन केला. मी पोंग्यात मारण्याचे औषध सांगितले. दुकानदाराने त्यात दुसरे एक औषध मिसळून दिले, तेही मी चालवून घेतले. आठ दिवसांनी दुसरी फवारणी झाली.

मका तुऱ्यावर आला तेव्हा वडिलांचा पुन्हा फोन आला. "अगं, तुऱ्यावर आणि वरच्या पानांवर चिकटा पडलाय. बारीक निळसर-हिरवे किडे आहेत. आणि त्यांच्यात काळ्या अळ्या फिरताहेत. पाठीवर पिवळे ठिपके, पुढे सहा पाय, अंगावर काटे. या कसल्या?" मी तासाला जाण्याच्या घाईत होते. मी म्हणाले, "अण्णा, मावा आहे तो. त्या अळ्यांसकट मारून टाका."

तिसरी फवारणी झाली. सुट्टीला गावी गेले तेव्हा आमच्या शेतात मावा पुन्हा भरलेला होता. पलीकडे काकूंचा मक्याचा तुकडा आहे. त्यांनी तो दोन म्हशींच्या वैरणीसाठी केला होता. जनावरे खाणार म्हणून त्यांनी त्यावर एकही फवारणी केली नव्हती. त्या तुकड्यातही अळीने पाने फाडली होती, पण मावा जवळजवळ नव्हता. काकूंनी एक पान वाकवून मला दाखविले. त्यावर पांढरी पडलेली, कडक झालेली लष्करी अळी चिकटून बसली होती. काकू म्हणाल्या, "हिला बुरा आलाय. अशा पुष्कळ आहेत." शेजारच्या पानावर तीच काळी, पिवळ्या ठिपक्यांची अळी एकेक मावा पकडून खात होती. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड भुंग्याची पिल्ले होती. पुस्तकात मी त्यांचे चित्र पाहिले होते. माझ्या वडिलांनी फोनवर तिचे तंतोतंत वर्णन केले होते आणि पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मुलीने तिला मारण्याचा सल्ला दिला होता.

ही एका शेतातली गोष्ट आहे. तो प्रयोग नव्हता आणि त्यावरून सर्वांनी फवारणी सोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु त्या दिवसापासून पंप उचलण्यापूर्वी शेतात कोण कोण आहे हे पाहायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. तोच आज आपल्याला सांगायचा आहे.

एका मादीचा हिशेब

लष्करी अळीची एक मादी पतंग आपल्या अल्प आयुष्यात एक हजाराहून अधिक अंडी घालते. अंडी पुंजक्याने, बहुधा शंभर ते दोनशेच्या गटात असतात आणि मादी त्यांवर आपल्या अंगावरील केस-खवल्यांचे आवरण घालते. दोन-तीन दिवसांत अंडी उबतात. अळी साधारण दोन ते तीन आठवडे खाते, सहा वेळा वाढीची अवस्था बदलते आणि मग जमिनीत दोन ते आठ सेंटिमीटर खोलीवर कोष करते.

आता हिशेब करा. हजार अंड्यांपैकी निम्म्या जरी माद्या झाल्या आणि सर्व जगल्या, तर पुढच्या पिढीत पाच लाख अंडी होतील. त्याच्या पुढच्या पिढीचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. तालुक्यात मक्याचे एक पान उरणार नाही. तसे होत नाही, म्हणजेच हजारातील बहुसंख्य अंडी, अळ्या आणि कोष कोठेतरी मरत असतात. काही पावसाच्या माऱ्याने मरतात. काहींना त्यांचीच भावंडे खातात, म्हणून मोठी झाल्यावर एका पोंग्यात बहुधा एकच अळी सापडते. उरलेल्यांपैकी फार मोठा वाटा मित्रकीटक, कोळी, पक्षी आणि रोगकारक बुरशी घेतात. हे काम आपल्याकडून एक पैसाही न घेता दिवस-रात्र चालू असते. आपण फवारणी करतो ती या कामात भर घालण्यासाठी करावयाची असते, हे काम बंद पाडण्यासाठी नव्हे.

अंडी खाणारे व अंड्यात वाढणारे

कीड अंड्यात मेली तर पिकाचे एक पानही जात नाही. म्हणून अंड्यांवर जगणारे कीटक सर्वांत मोलाचे. त्यांत ट्रायकोग्रामा आपल्याला ऐकून माहीत आहे. हा गांधीलमाशीच्या कुळातील, पण मोहरीच्या दाण्याहूनही लहान कीटक आहे. मादी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. आतील पिल्लू किडीचे अंडे आतून खाऊन टाकते. असे अंडे काळे पडते आणि आठ-दहा दिवसांत त्यातून अळीऐवजी नवा ट्रायकोग्रामा बाहेर पडतो. मक्यावरील खोडकिडा पानाच्या मागील बाजूस माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक अंडी घालतो. त्यांवर ट्रायकोग्रामा चांगले काम करतो.

लष्करी अळीच्या बाबतीत एक अडचण आहे. तिची अंडी थरांनी असतात व त्यांवर खवल्यांचे पांघरूण असते. ट्रायकोग्रामाला वरच्या थरातील अंडी सापडतात, खालची सुटतात. टेलेनोमस रेमस नावाचा दुसरा परोपजीवी कीटक मात्र खालच्या थरापर्यंत पोहोचतो. म्हणून अंडीपुंज दिसला आणि तो काळपट असला, तर तो चिरडू नये. पांढरट किंवा हिरवट अंडीपुंज मात्र पानासह खुडून नष्ट करावेत.

अंडी खाणाऱ्यांत आणखी एकाची ओळख करून देते. पोंगा उघडला की पुष्कळदा तपकिरी, चपटा, शेपटीला चिमटा असलेला किडा झटकन आत शिरतो. त्याला इअरविग म्हणतात. चिमट्यामुळे तो भयंकर दिसतो आणि पोंग्यातच सापडत असल्याने नुकसान त्यानेच केले असे वाटते. प्रत्यक्षात तो लष्करी अळीची अंडी व लहान अळ्या खातो. पोंगा ही त्याची विश्रांतीची आणि शिकारीची जागा आहे. पोंग्यात औषध सोडले की प्रथम तोच मरतो.

अळीवर जगणारे

लहान अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांचे अनेक प्रकार मक्यात असतात. कॅम्पोलेटिस, कोटेसिया ही त्यांतील काही नावे. नावे पाठ करण्याची आवश्यकता नाही, खुणा लक्षात ठेवाव्यात. पानावर अळीची चिपाड झालेली कातडी आणि तिच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा पांढरट किंवा करड्या ठिपक्यांचा कोष दिसला, तर तो परोपजीवी कीटकाचा आहे. कापसाच्या बोळ्यासारखे कोष दिसले तरी तसेच समजावे. ते तोडू नयेत. या कीटकांचे पिल्लू अंगात वाढू लागले की अळीचे खाणे कमी होते, म्हणजे ती मरण्यापूर्वीच पिकाचे नुकसान घटते. कोटेसिया फ्लेविपस हा कीटक तर खोडकिड्याच्या भुयारात शिरून तेथील अळीला गाठतो. तेथे आपले औषध पोहोचत नाही.

आपल्या घराच्या भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी सर्वांनी पाहिली असेल. तिचे घर फोडले तर आत काय निघते? काही जातींच्या घरांत कोळी निघतात, काहींच्या घरांत हिरव्या अळ्या. त्या अळ्या मेलेल्या नसतात, डंख मारून बधिर केलेल्या असतात. पिल्लांची शिदोरी म्हणून तिने त्या शेतातून उचलून आणलेल्या असतात. गोठ्याच्या भिंतीवरची ही घरे आपण काठीने पाडतो. न पाडली तर बरे.

याशिवाय रात्री जमिनीवर धावणारे काळे भुंगेरे, मुंग्या आणि पानांत जाळी विणणारे किंवा उड्या मारून शिकार करणारे कोळी लहान अळ्या व जमिनीवर उतरलेल्या अळ्या खातात. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू हे पक्षी पतंग व अळ्या टिपतात. कोतवाल पक्षी बसायला उंच जागा शोधतो. तुरे येण्याच्या आधी शेतात एकरी दहा पक्षिथांबे उभारले तर त्याचे काम सोपे होते.

काकूंनी दाखविलेली बुऱ्याची अळी ही मेटारायझियम रायली नावाच्या बुरशीने मेलेली होती. पूर्वी या बुरशीला नोमुरिया रायली म्हणत, जुन्या अंकांतून हे नाव आपण वाचले असेल. पावसाळी, दमट, ढगाळ हवेत ही बुरशी वाढते. अळी प्रथम पांढरी, नंतर फिकट हिरवी दिसते व हाताला कडक लागते. हिरव्या पावडरीतून बुरशीचे बीजाणू उडून इतर अळ्यांना लागण होते. अशा अळ्या वेचून फेकू नयेत. ते शेतातच तयार झालेले औषध आहे.

माव्यावर जगणारे

मक्याच्या तुऱ्यावर व वरच्या पानांवर येणाऱ्या माव्याला खाणारे तीन गट मुख्य आहेत. पहिला ढालकिडा. प्रौढ किडा लाल-नारिंगी, पाठीवर काळे ठिपके किंवा नागमोडी रेषा असलेला असतो, त्याला सर्वजण ओळखतात. त्याची पिल्ले मात्र अगदी निराळी दिसतात. लांबट, काळपट, मगरीच्या पिल्लासारखी. भुंगा आणि त्याची पिल्ले दोन्ही मावा खातात आणि एकेक पिल्लू दिवसाला कित्येक मावा फस्त करते. दुसरा क्रायसोपा. याचा प्रौढ हिरवा, जाळीदार पंखांचा असतो. त्याची अंडी केसासारख्या देठाच्या टोकाला लटकलेली दिसतात. तिसरी सिरफीड माशी. ही मधमाशीसारखी पट्टेदार असून हवेत एका जागी थांबून उडते. तिची अळी बिनपायाची, जळूसारखी असते व माव्याच्या थव्यात सापडते.

तुरा फुटल्यावर सकाळी मधमाश्या मक्याचे पराग गोळा करण्यासाठी येतात. मक्याचे परागीकरण वाऱ्याने होत असले तरी मधमाशीला हे पराग लागतात, आणि शेजारच्या सूर्यफुलाला, कारल्याला, दोडक्याला मधमाशी लागते. तुऱ्यावर फवारणी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मका स्वतः हाक मारतो

एवढ्याशा गांधीलमाशीला एकरभर मक्यातून नेमकी अळी सापडते कशी, असा प्रश्न आपल्याला पडेल. याचे उत्तर प्रथम मक्यावरच मिळाले. १९९० साली अमेरिकेतील टर्लिंग्स, टमलिन्सन आणि लुईस या शास्त्रज्ञांनी मक्याच्या रोपांवर प्रयोग केले. अळीने पान कुरतडल्यावर काही तासांनी रोपातून विशिष्ट वास हवेत सुटतो आणि त्या वासावर परोपजीवी गांधीलमाशी येते, असे त्यांनी दाखविले. नुसते ब्लेडने पान कापले तर तसा वास सुटत नाही. कापलेल्या जागी अळीची लाळ लावली तर सुटतो. त्या लाळेतील घटक पुढे १९९७ साली वेगळा करण्यात आला.

म्हणजे पीक मुकाट्याने मार खात नसते. कुरतडले गेल्यावर ते रक्षकाला हाक मारते. प्रश्न एवढाच की, हाक ऐकून येणारा कोणी शिवारात शिल्लक आहे काय?

लोकरी माव्याची आठवण

हे सर्व पुस्तकी आहे असे कोणाला वाटेल. आपल्यातील ऊस पिकविणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना २००२ साल आठवत असेल. त्या वर्षी राज्यातील उसावर लोकरी मावा आला आणि पाहता पाहता जिल्ह्यामागून जिल्ह्यात पसरला. उंच वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरणे अशक्य. शिरले तरी पानाच्या मागील बाजूस औषध पोहोचत नव्हते. तेव्हा डिफा, ज्याला आपण कोनोबाथ्रा म्हणून ओळखतो, आणि मायक्रोमस हे माव्यावर जगणारे परभक्षी कीटक शेतात आढळू लागले. ते असलेली पाने कापून नव्या प्रादुर्भावाच्या शेतात नेऊन बांधण्याची मोहीम झाली. पुढील काही वर्षांत लोकरी मावा आटोक्यात आला. ज्यांनी तेव्हा फवारणी थांबवून ही पाने बांधली त्यांना मित्रकीटक म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

फवारणीने बिघडते कोठे

अळी पोंग्यात, आपल्याच विष्ठेच्या बुचाखाली सुरक्षित असते. मित्रकीटक मात्र पानोपानी हिंडत असतात. त्यामुळे वरून मारलेले औषध अळीपेक्षा त्यांनाच अधिक लागते. जे वाचतात त्यांचे खाद्य संपते आणि ते शेत सोडतात. त्यानंतर शेजारच्या शेतातून पतंग उडून येतो, अंडी घालतो, आणि आता ती अंडी खाणारे कोणी नसते. मावा तर भराभर वाढतो, ढालकिडा मात्र आठवड्यांनी. आमच्या शेतात तुऱ्यावर मावा पुन्हा भरला तो असाच. दोन-तीन औषधांचे मिश्रण हे यात सर्वांत वाईट. त्याने खर्च वाढतो, अळीत प्रतिकारशक्ती येण्यास मदत होते आणि मित्रकीटकांपैकी कोणीच उरत नाही.

मोजणी कशी करावी

आठवड्यातून दोनदा सकाळी शेतात जावे. बांधाकडच्या चार ओळी सोडून आत शिरावे आणि नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबावे. प्रत्येक ठिकाणी ओळीने दहा झाडे पाहावीत. अशी पन्नास झाडे होतात. ताजे पापुद्रे, छिद्रे किंवा ताजी विष्ठा असलेली झाडे मोजून दोनने गुणावे, म्हणजे शेकडा प्रमाण मिळते. जुनी, वाळलेली छिद्रे मोजू नयेत. त्यातली अळी केव्हाच मेलेली असू शकते.

त्याच वहीत दुसरा रकाना करावा. त्यात ढालकिडे व त्यांची पिल्ले, इअरविग, कोळी, परोपजीवींचे कोष, काळे पडलेले अंडीपुंज आणि बुरशीने मेलेल्या अळ्या लिहाव्यात. दोन मोजण्यांत पहिला रकाना स्थिर किंवा उतरता असेल आणि दुसरा वाढता असेल, तर चार दिवस थांबून पुन्हा मोजावे.

घरी करून पाहण्याजोगी एक साधी परीक्षा सांगते. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून दहा लहान अळ्या आणा. प्रत्येक अळी स्वतंत्र डबीत ठेवा, एकत्र ठेवल्यास त्या एकमेकींना खातील. डबीच्या तोंडाला पातळ कापड बांधा. रोज मक्याचे ताजे पान द्या आणि जुने काढा. काही डब्यांत कोष होईल. काहींत अळी मरून शेजारी गांधीलमाशीचा कोष दिसेल, काहींत माशी निघेल, काहींत बुरशी. दहापैकी किती अळ्या पतंग होण्यापूर्वीच संपल्या, हे आपल्याला डोळ्यांनी दिसेल. मुलांना हे काम द्या, ती आनंदाने करतात.

मित्रकीटक टिकावेत म्हणून

१) पूर्वमशागतीत खोल नांगरट करावी. कोष वर येतात आणि पक्षी व ऊन त्यांचा नाश करतात.

२) गावातील पेरणी शक्यतो एकाच पंधरवड्यात उरकावी. मागे-पुढे पेरलेला मका किडीला सलग खाद्य पुरवितो.

३) मक्यात तूर, उडीद, मूग किंवा चवळीचे आंतरपीक घ्यावे. चवळीच्या फुलांबाहेरील ग्रंथींतून गोड रस येतो, तो गांधीलमाश्या व ढालकिडे पितात. चवळीवरचा मावा मक्यावर जात नाही, पण त्याला खाण्यासाठी आलेले ढालकिडे पुढे मक्यावर जातात. आपले आजोबा ज्वारी-बाजरीत तूर-मुगाचे पाटे टाकत, त्याचा हाही एक फायदा होता.

४) बांधालगत झेंडू, तीळ अशा फुलणाऱ्या पिकांची एखादी ओळ असावी. परोपजीवी कीटकांची पिल्ले अळीवर वाढतात, पण प्रौढांना मध आणि पराग लागतात. सगळे बांध एकाच वेळी जाळू नयेत.

५) एकरी पाच कामगंध सापळे लावून पतंगांवर लक्ष ठेवावे. एका सापळ्यात तीन पतंग सापडू लागले की ट्रायकोग्रामा प्रिटिओसम किंवा टेलेनोमस रेमस एकरी ५०,००० या प्रमाणात आठवड्याच्या अंतराने सोडावेत. ट्रायकोकार्ड मिळाल्यावर लगेच वापरावे, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या मागील बाजूस टाचाव्यात. त्यानंतर किमान आठवडाभर रासायनिक फवारणी करू नये, नाही तर आपलेच पैसे आपण मारू.

औषध केव्हा आणि कोणते

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. मित्रकीटकांवर सगळे सोपवून हात जोडून बसा, असे मी सांगत नाही. पीक लहान असताना हल्ला मोठा झाला तर हस्तक्षेप करावाच लागतो. मर्यादा अशी आहे : रोपावस्था व सुरुवातीचा पोंगा असताना शेकडा ५ झाडे, मधल्या पोंग्याच्या अवस्थेत शेकडा १० आणि शेवटच्या पोंग्याच्या अवस्थेत शेकडा २० झाडे प्रादुर्भावग्रस्त आढळली, की उपाय सुरू करावा.

पहिल्या अवस्थेत ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. यासाठी ५ किलो निंबोळी भरडून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. ते न जमल्यास ॲझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम ५ मि.लि. प्रति लिटर पाण्यातून वापरावे. थोडक्या झाडांवर अळी असेल तर वाळू व चुना ९:१ या प्रमाणात मिसळून पोंग्यात चिमूट-चिमूट टाकला तरी चालतो. पंधरा ते पंचवीस दिवसांच्या पिकात, हवेत दमटपणा असताना, मेटारायझियम ॲनिसोप्ली ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून संध्याकाळी पोंग्यात पडेल असे फवारावे. त्याच्या आगेमागे बुरशीनाशक मारू नये.

एवढे करूनही मधल्या किंवा शेवटच्या पोंग्यात मर्यादा ओलांडली गेली, तरच रासायनिक कीटकनाशक घ्यावे. इमामेक्टिन बेंझोएट ५ एस.जी. ०.४ ग्रॅम, किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एस.सी. ०.४ मि.लि., किंवा स्पिनेटोरम ११.७ एस.सी. ०.५ मि.लि. प्रति लिटर पाण्यातून, यांपैकी कोणतेही एकच, मिश्रण न करता, फक्त पोंग्यात पडेल असे फवारावे. दुसरी फवारणी लागलीच तर औषध बदलावे. लेबल वाचावे, हातमोजे व मुखपट्टी वापरावी. वैरणीच्या मक्यावर रासायनिक फवारणी करू नये. तुरा व कणसे लागल्यावर रासायनिक फवारणी परवडतही नाही आणि मधमाश्या व ढालकिडे यांचा नाश तेव्हाच सर्वांत जास्त होतो. त्या अवस्थेत अळ्या हाताने वेचाव्यात आणि जैविक उपायांवर भर द्यावा.

या शेताचे काय, असे विचाराल. भाषणाआधी आपल्यातील चार तरुणांनी माझ्याबरोबर पन्नास झाडे मोजली. तीन झाडांवर ताजी विष्ठा मिळाली, म्हणजे शेकडा सहा. त्याच पन्नास झाडांत सात इअरविग, दोन ठिकाणी परोपजीवींचे कोष आणि एक काळा अंडीपुंज सापडला. हा मका आता मधल्या पोंग्यात आहे, येथे मर्यादा शेकडा दहाची आहे. तेव्हा या शेताला आज औषध नको. तीन झाडांच्या पोंग्यांत वाळू-चुना टाका, मंगळवारी पुन्हा मोजा आणि वहीत लिहा. मंगळवारी आकडा दहाच्या पुढे गेला तर मला कळवा, मी स्वतः औषध सांगेन. पण या वेळी फोनवर घाईने सांगणार नाही. आधी विचारीन, "दुसऱ्या रकान्यात काय लिहिले आहे?"

आमचे अण्णा आता दर हंगामात अशी वही ठेवतात. गेल्या खेपेला त्यांनी मला एक पान दाखविले, त्यावर ढालकिड्याचे पिल्लू होते. म्हणाले, "बघ, हिला मी तेव्हा मारली होती." मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही नाही, मी." आपल्या शेतात ही वेळ येऊ नये म्हणून एवढे बोलले. आता उठू या आणि भाषण ऐकण्यात गेलेला वेळ भरून काढण्यासाठी प्रत्येकाने येथल्या मक्याचा एकेक पोंगा उघडून पाहू या.